बसल्याचा आवाज

गॅरेजसाठी आणलेला दाबकामाचा प्रेस अजून खोक्यातून बाहेरही आला नव्हता, तेवढ्यात मास्तरांनी निकाल देऊन टाकला.

"परत पाठव."

"अहो बाबा, आधी बघा तरी," लेक म्हणाली.

"बघितलं की. खोकं बघितलं. ज्याला एकटी बाई ओढत आत आणते, तो प्रेस बारा टन जोर लावणार? बारा टन असं कशावरही छापता येतं. उद्या माझ्या शर्टावर छापून आणशील."

लेक हसली आणि खोक्याच्या पट्ट्या कापायला लागली. मास्तर पाठ फिरवून उगाचच स्वच्छ पाने-पक्कड पुसत बसले, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं बघत होते.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. चाळीसएक वर्षं गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस. हातात कायम घण, म्हणून लोकांनी त्यांचं नाव ठोकमास्तर ठेवलं. पुढे लेक गॅरेजात आली, पाटीला नवा रंग लागला, आणि ठोक कुठेतरी गळून नुसते मास्तर उरले. पण त्यांचं खरं नाव झालं ते कानामुळे. गाडीच्या चाकामागे एक जाड लोखंडी भाग असतो, गॅरेजात त्याला नकल म्हणतात. तिच्यात वाटीसारखी गोल बैठक असते आणि चाकाचं बेअरिंग तिथे घट्ट ठोकून बसवायचं असतं. बेअरिंग आत सरकत असतं तोवर घणाचा आवाज पोकळ येतो. ते तळाला टेकलं की आवाज बदलतो, भरीव होतो. मास्तरांच्या भाषेत ठकठकचं ठण्ण होतं. तो ठण्ण कानावर पडला की मास्तरांचा घण हवेतच थांबायचा आणि ते म्हणायचे, "बसलं!" त्यानंतर एक टिचकीसुद्धा नाही. कारण पुढचा प्रत्येक ठोका बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांना लागतो, गोळ्यांचे ठसे पोलादात उमटतात, आणि मग गाडी लांबच्या फेरीला निघाली की चाक गुरगुरायला लागतं. दुसऱ्या गॅरेजातले कारागीर निव्वळ मास्तरांचं थांबणं बघायला यायचे.

आणि गेलं वर्षभर मास्तरांना तो ठण्ण ऐकूच येत नव्हता.

ही गोष्ट साऱ्या जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी मास्तरांची पक्की समजूत होती. सुरुवात फोनच्या घंटीपासून झाली. मग पाठीमागून बोलणाऱ्या माणसांचे शब्द विरघळायला लागले. मास्तरांनी त्यावर तोडगा काढला. समोरचा काहीही बोलला की मान हलवून "हो हो" म्हणायचं. एकदा रंगाऱ्याने काहीतरी विचारलं, मास्तर "हो हो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार गुलाबी झालं. मग आपल्याला हाच रंग हवा होता, लांबून चटकन दिसतो, असं त्यांनी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. लोकांनाही ते पटलं, कारण मास्तर एवढ्या आत्मविश्वासाने बोलत की खुद्द गुलाबी रंगालाही आपण चुकून लागलो असं वाटलं नसतं.

घणाच्या बाबतीत मात्र "हो हो" चालत नव्हतं. ठण्ण आला की नाही ते कळेना, म्हणून मास्तर अंदाजाने थांबायला लागले. आणि अंदाज कमी पडू नये म्हणून वर दोन ठोके जास्त. त्या दोन ठोक्यांनी घात केला. गाड्या परत यायला लागल्या.

सगळ्यात जास्त परत आली ती डॉक्टरीणबाईंची गाडी. ह्या जनावरांच्या डॉक्टर. आज ह्या वस्तीवर गाय अडलेली, उद्या त्या वस्तीवर घोडा लंगडतोय, असं त्यांचं दिवसभर फिरणं. त्यांच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मास्तरांनी दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा पहिल्याच लांबच्या फेरीत चाक गुरगुरलं. बाई स्वभावाने गोड. तिसऱ्यांदा आल्या तेव्हाही गोडच बोलल्या, पण त्या गोड बोलण्यात एक वाक्य होतं जे मास्तरांना नेमकं ऐकू आलं.

"मास्तर, शुक्रवारी गाडी घेऊन येते. पण ह्या वेळीही तसंच झालं, तर मला दुसरीकडे जावं लागेल हो. गुरं माझी वाट बघत थांबत नाहीत."

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ घणाकडे बघत बसले होते. बाई गेल्या तर गाव जाणार, हे त्यांना कळत होतं. लोकांच्या घरी जाणारी ती बाई, प्रत्येक अंगणात तिचं ऐकलं जायचं. आणि गाव गेलं तर पाटीवरचं मास्तर हे नाव नुसतं रंगापुरतं राहणार होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी लेक हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्या वर्गातला. शाळेत असताना तिची भूमितीची पेटी हरवून बसला होता, त्याची भरपाई ती अजून वसूल करत होती. त्याने प्रेस दिला तो बोलीवर. शनिवारपर्यंत वापरून बघा, पटला तर ठेवा, नाही पटला तर मी येऊन घेऊन जातो.

तर असा हा प्रेस. खोक्यातून दोन निळे खांब निघाले, आडव्या पट्ट्या निघाल्या, मूठभर नटबोल्ट निघाले, आणि एक लहानसा तेलाचा जॅक निघाला. तो वरच्या पट्टीत दोन स्प्रिंगांनी लटकवायचा. दांडा पंप केला की दट्ट्या खाली येतो आणि मधल्या आडव्या बैठकीवर ठेवलेल्या वस्तूला दाबतो, एवढंच त्याचं गणित. रंग इतका ढिसाळ मारलेला की बोल्टाची भोकंसुद्धा रंगाने बुजली होती. लेकीने सगळं जोडून प्रेस उभा केला, तर तोही जरा कलूनच उभा राहिला, बसची वाट बघून कंटाळल्यासारखा.

"वा!" मास्तर म्हणाले. "ह्याला आधी खुर्ची दे."

"बाबा, एकदा करून तर बघू."

"सरक. मी करतो."

मास्तरांना प्रेस नकोच होता, पण तो नकोसा का आहे हे दाखवण्याचा मान त्यांना दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता. लेकीने भंगारातली एक नकल आणि एक जुनं बेअरिंग आणलं. बैठकीवर दोन बिडाच्या प्लेटा ठेवल्या, त्यांवर नकल ठेवली, वर बेअरिंग नीट मधोमध बसवलं. मास्तरांनी दांडा हातात घेतला आणि सवयीने मान तिरपी केली. उजवा कान पुढे.

दांडा वर, दांडा खाली. दट्ट्या उतरला, बेअरिंगला टेकला, बेअरिंग आत सरकायला लागलं. ठक नाही, ठुक नाही. मास्तर पंप करत राहिले आणि कान देऊन वाट बघत राहिले. आता येईल, आता येईल. दांडा जड झाला तसे ते दोन्ही हातांनी लटकले. लेक काहीतरी ओरडली. मास्तर म्हणाले, "हो हो," आणि त्यांनी आणखी एकदा जोर लावला.

मग जो आवाज झाला तो मास्तरांना व्यवस्थित ऐकू आला. खालची एक बिडाची प्लेट कडाड करून दुभंगली, अर्धा तुकडा भिंतीवर आपटला आणि नकल तिरकी होऊन खाली घरंगळली. लेक वेळेवर बाजूला सरली होती म्हणून बरं.

"बघितलंस?" मास्तरांचा चेहरा उजळून निघाला. "बघितलंस तुझा बारा टन? पापड आहे पापड!"

लेकीने तुकडा उचलला नाही. तिने नकल उचलली आणि बेअरिंगवरून अंगठा फिरवला.

"हे केव्हाच बसलं होतं, बाबा. तुम्ही थांबला का नाहीत? मी ओरडत होते."

"आवाज कुठे आला बसल्याचा?"

"प्रेसला आवाज नसतो."

"मग माणसाने ओळखायचं कसं?"

लेकीने नकल टेबलावर ठेवली, मास्तरांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"घणाचा तरी कुठे येतो तुम्हाला हल्ली?"

गॅरेजात पंखा फिरत होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"ठण्ण होतो आणि तुम्ही वर दोन ठोके मारता," ती म्हणाली. "मी शेजारी उभी असते. तुम्हीच शिकवलाय तो आवाज मला. दर वेळी वाटतं, आता थांबतील. वर्ष झालं, बाबा."

मास्तरांना राग आला होता, पण कुणावर काढावा ते समजत नव्हतं. शेवटी त्यांनी जवळचं माणूस निवडलं.

"तू हे तुझ्या आईच्या कानावर घातलंस?"

"आईनेच माझ्या कानावर घातलं."

मास्तरांनी हात पुसायचा बोळा टेबलावर फेकला आणि भर दुपारी घरी निघून गेले. चाळीस वर्षांत ते दुपारी घरी गेले होते ते फक्त लेकीच्या जन्माच्या दिवशी.

घरी बायको काही विचारत बसली नाही. तिने ताट वाढलं आणि ती नेहमीच्या जागी, त्यांच्या उजव्या हाताला बसली.

"तुला ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"उगाच वेड घेऊ नकोस."

"अहो, वर्षभर मी तुमच्या उजव्या बाजूला येऊन बसतेय," ती म्हणाली. "त्याआधी जन्मभर डावीकडे बसायचे. तुम्हाला एकदाही प्रश्न पडला नाही?"

मास्तरांना वाटलं होतं, तिला वारा हवा असेल. पंखा त्या बाजूला होता. त्यांनी भाताचा घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. आपण मोठी शिताफी करून जी गोष्ट लपवली होती, तिच्याभोवती ही बाई एक अक्षर न बोलता आपली जागा बदलून बसली होती. त्यांना इतकी लाज वाटली आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

"माझं कामच कानाचं होतं गं," ते म्हणाले. "कान गेला तर मी तिथे करू काय? पाने मोजू?"

"मला गाड्यांतलं काही कळत नाही. रुसायचं असेल तर जेवून रुसा. भात गार होतोय."

दुसऱ्या दिवशी मास्तर लेकीच्या आधी गॅरेजात पोचले. मनाशी त्यांनी एक बेत केला होता. प्रेस परत जाणार हे तर ठरलेलंच, पण तो कसा जावा? मोघम तक्रार करून नव्हे. ह्या निळ्या सांगाड्यातला एकेक दोष काढायचा, खडूने त्याच्यावर खूण करायची आणि शनिवारी दुकानदाराच्या नाकासमोर धरायचा. बोलती बंद.

त्यांनी गुण्या काढला, ओळंबा काढला आणि कामाला लागले. पहिला दोष लगेच सापडला. वरची पट्टी एका बाजूला झुकली होती, कारण भोकं मोठी आणि बोल्ट बारीक. मास्तरांनी खडूने फुली मारली. मग त्या फुलीकडे बघत उभे राहिले. हातात पाना होताच. पट्टी झुकलेली आहे हे दिसत असताना तिला तशीच ठेवणं त्यांच्या हाताला जमेना. त्यांनी बोल्ट सैल केले, फटीत पत्र्याची पातळ पट्टी सारली, गुण्या लावला आणि बोल्ट पुन्हा आवळले, एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, थोडे थोडे करत. पट्टी सरळ झाली. फुली पुसली.

दुसरा दोष. दट्ट्या बैठकीच्या मधोमध येत नव्हता. तो काढला. तिसरा दोष. जॅकमध्ये हवा अडकली होती, दांडा पहिल्या काही फेऱ्या नुसताच वरखाली होत होता. मास्तरांनी तेलाचं बूच सैल केलं, हवा जाऊ दिली, वर थोडं तेल ओतलं. तो काढला. बिडाच्या प्लेटांना तर त्यांनी हातच लावला नाही, थेट भंगारात टाकल्या, आणि कोपऱ्यात पडलेली जाड पोलादी पट्टी कापून त्याच मापाचे दोन ठोकळे केले. दोष काढायला म्हणून आलेला माणूस दोष काढतच गेला, आणि शेवटी बघतो तर दोष उरलाच नव्हता. खडू हातात तसाच, आणि प्रेस शाळेतल्या हुशार मुलासारखा ताठ उभा.

मास्तरांना स्वतःचाच राग आला. आता दुकानदाराला दाखवायचं काय?

एवढं केलंच आहे तर एकदा दाबून बघू, असं म्हणून त्यांनी भंगारातली नकल पुन्हा चढवली. शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मान तिरपी करायची गरज वाटली नाही. कान कुठेही असले तरी काय फरक पडणार होता? त्यांनी दांडा एकाच हातात धरला, बोटं सैल ठेवून, आणि पंप केला.

आणि मग त्यांना ते लागलं. आधी दांडा हलका होता. दट्ट्या टेकला तसा दांड्यात थोडा जीव आला. बेअरिंग सरकायला लागलं तसा तळहाताला एकसारखा, गुळगुळीत विरोध जाणवायला लागला, ताज्या लोण्यात सुरी चालावी तसा. मास्तरांनी डोळे मिटले. अजून सरकतंय. अजून. अजून. आणि एका क्षणी ते सरकायचं थांबलं आणि दांड्यापलीकडे कुणीतरी भिंत बांधावी तसं झालं. बोटांना कळलं, मनगटाला कळलं, कोपरापर्यंत कळलं.

मास्तरांचा हात हवेतच थांबला.

"बसलं," ते म्हणाले.

त्यांनी नकल काढली, बेअरिंगच्या कडेशी फट मोजायची सगळ्यात पातळ फिलर पट्टी घालून बघितली. जाईना. दुसरं जुनं बेअरिंग घेतलं, पुन्हा डोळे मिटून दाबलं. बसलं. तिसरं घेतलं. बसलं. आता त्यांना हसूच आवरेना. इतकी वर्षं घणाच्या दांड्यातूनही हेच हाताला येत असणार! हात बिचारा दर वेळी सांगत असणार, आणि श्रेय सगळं कानाने लाटलं. मास्तर एकटेच मोठमोठ्याने हसत होते, आणि दारात लेक उभी होती. ती कधी आली ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण आज त्यांनी ते लपवलं नाही.

"कधीची उभी आहेस?"

"दुसऱ्या बेअरिंगपासून."

"मग तिसरं तू दाबायला हवं होतंस. ये, धर दांडा. कानबिन काही लावू नकोस. कान घरी ठेवून ये."

त्या दिवशी बाप आणि लेक दोघेही लहान मुलांसारखे भंगारातलं दिसेल ते दाबत सुटले. चहा गार झाला, एक गिऱ्हाईक दोनदा खाकरून गेलं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंची गाडी आली. गॅरेजात शिरतानाच चाक गुरगुरत होतं. मास्तरांना ते ऐकू येत नव्हतं, पण बाईंच्या कपाळावर दिसत होतं. लेकीने चाक काढलं, नकल सोडवली आणि प्रेसवर चढवली.

जुनं बेअरिंग बाहेर काढणं हे खरं अवघड काम निघालं. गंजून ते नकलीत रुतून बसलं होतं. मास्तरांनी पंप केला, दांडा जड झाला, आणखी जड झाला. वरची पट्टी किंचित वाकल्यासारखी दिसली. खांब करकरले. लेकीचा चेहरा पांढरा पडला. एवढाच जोर ह्या स्वस्तातल्या सांगाड्यात असेल तर? बाई भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मास्तरांनी दांडा सोडला नाही, पण पुढे रेटलाही नाही. जोर तसाच धरून ठेवला आणि लेकीला खुणेने सांगितलं, नकलीला थोडी आच दे. तिने बर्नर फिरवला. लोखंड तापलं, आणि अचानक धाडकन आवाज झाला. लेक दचकून मागे सरली. मास्तरांना तो धक्का बुटांच्या तळव्यांतून समजला. त्यांनी खाली बघितलं, तर जुनं बेअरिंग सुटून तळाशी पडलं होतं.

"निघालं!" लेक ओरडली.

"ओरडू नकोस, मला दिसतंय," मास्तर म्हणाले, आणि दोघेही हसले.

नकल निवली. नवं बेअरिंग घेतलं. मास्तरांनी तळहात पँटला पुसला, दांडा सैल बोटांनी धरला आणि डोळे मिटले. बाईंना वाटलं, हे काय आता देवाचं नाव घेतायत? लेकीला ठाऊक होतं ते काय करतायत. दांडा खाली, दांडा वर. गुळगुळीत. गुळगुळीत. आणि मग ती भिंत.

"बसलं."

एक टिचकीसुद्धा नाही. मग बेअरिंगच्या आतल्या कड्याला खालून बरोबर मापाची नळी टेकवून, चाक ज्यावर चढतं तो हब त्याच्यात दाबला, तोही तसाच. लेकीने सगळं गाडीला जोडलं, गाडी अजून जॅकवरच होती. मास्तरांनी एका हाताने चाक जोरात फिरवलं आणि दुसरा हात चाकामागच्या, गाडीच्या स्प्रिंगवर ठेवला. गेल्या दोन वेळा इथे हात ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. गुरगुर असती तर स्प्रिंगमधून बोटांत शिरली असती. बोटं शांत होती.

चाक फिरत असतानाच मास्तर उठून बाईंसमोर गेले. हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोटं शांत होती, आणि त्या शांततेत त्यांना एकदम धीर आला.

"डॉक्टरीणबाई, मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "वर्ष झालं. मागच्या दोन वेळा तुमचं काम त्यामुळेच बिघडलं. दोष बेअरिंगचा नव्हता, माझा होता. ह्या वेळी कानाने नाही केलं, हाताने केलंय. पण गुरगुरतंय की नाही, हे मला नाही कळणार. ते तुम्ही येऊन सांगायचं. आणि गुरगुरलं, तर चांगलं गॅरेज मीच तुम्हाला दाखवून देईन."

बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी येते," आणि मास्तरांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी ते वाकून, मोठ्याने पुन्हा सांगितलं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी रस्त्याकडे तोंड करूनच खुर्ची टाकली. गाडी येताना ऐकू येणार नव्हती, तर दिसायला तरी हवी. लेक मागे काहीतरी घासत होती आणि मध्येच थांबून रस्त्याकडे बघत होती. गाडी वळणावर दिसली, जवळ आली, गुलाबी दारापाशी थांबली. लेक धावतच पुढे झाली आणि अर्ध्यात थबकली. तिने गाडीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

"काय झालं? बोल ना!" मास्तर ओरडले.

बाई उतरल्या त्या हसतच. "मास्तर, काल डोंगरापलीकडच्या शेवटच्या वस्तीवर जाऊन आले. गाडीत गाणी लावली होती. कित्येक महिन्यांनी गाण्यातले शब्द कळले मला! एवढे दिवस वाटायचं, हल्ली सगळे गुरगुरतच गातात."

मास्तर उभे राहिले आणि लगेच पुन्हा बसले. बाईंनी मागच्या सीटवरून पिशवी काढली आणि तिच्यातून स्टेथोस्कोप बाहेर काढला.

"आता जॅक लावा आणि चाक उचला. मला तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

लेकीने चाक उचललं. बाईंनी स्टेथोस्कोपच्या दोन नळ्या मास्तरांच्या कानांत घातल्या आणि दुसरं टोक नकलीवर टेकवलं. "ह्याने मी म्हशीच्या पोटातलं वासरू ऐकते," त्या म्हणाल्या. "बेअरिंग काय, सहज येईल." लेकीने चाक फिरवलं.

आधी मास्तरांना काहीच ऐकू आलं नाही. मग लांबून कुठूनतरी एक बारीक, सलग, रेशमी सळसळ कानात उतरली. कुठे खडा नाही, कुठे अडखळ नाही. गोळ्या एकमेकींच्या मागे शांतपणे धावत होत्या. वर्षभर ज्या आवाजासाठी ते मान तिरपी करून तडफडले, तो हा नव्हता, पण हा त्याहून चांगला होता. हा आवाज नीट बसलेल्या बेअरिंगचा होता. मास्तर चाक थांबेपर्यंत तसेच वाकून ऐकत राहिले, आणि गालावरून पाणी ओघळतंय ह्याची त्यांना शुद्ध नव्हती. लेकीने चाक पुन्हा फिरवलं.

तेवढ्यात हत्यारांचा दुकानदार ढकलगाडी घेऊन दारात उभा राहिला. ठरल्याप्रमाणे शनिवार होता. त्याने आधी प्रेसकडे बघितलं, आणि त्याला तो ओळखूच येईना. मास्तरांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि प्रेसच्या खांबावर हात ठेवून त्याला सुनावलं.

"ऐक. तू जसा दिलास तसा हा कुणी वापरला, तर एखाद्याचं डोकं फोडेल. प्लेटा भंगार आहेत, बोल्ट बारीक आहेत, पट्टी वाकडी होती. पुढच्या गिऱ्हाइकाला विकताना हे सगळं सांगायचं, आणि वर सांगायचं की आधी माझ्याकडे आणा, मी सरळ करून देईन. पण एकदा सरळ झाला की हा खोटं बोलत नाही. दाबला तेवढा दाबतो, थांबवला तिथे थांबतो."

"म्हणजे परत न्यायचा की नाही, काका?" दुकानदाराने विचारलं.

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. मग उजव्या कानामागे तळहात धरला आणि चेहरा अगदी भोळा केला.

"काय म्हणालास?"

"प्रेस! परत न्यायचा का?"

"काय?"

"अहो काका, प्रेस परत!"

"काही ऐकू येत नाही रे बाबा!" मास्तर म्हणाले. "कान गेलेत माझे! वर्ष झालं! विचार हवं तर कुणालाही!" आणि हे ते इतक्या आनंदाने, इतक्या खणखणीत आवाजात बोलले, की रस्त्यापलीकडची माणसंसुद्धा थांबून गॅरेजकडे बघायला लागली.